‘हिच्यासारखी’ नावाचा पक्षी

हे वैशाखात गेले आणि वही सापडली आषाढात. दुर्बिणीच्या पेटीच्या तळाशी होती. शंभर पानी, चौकटींची, मुलं गणिताला वापरतात तसली. रत्नागिरीतल्या एका शाळेत मी तेहतीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे आमच्या घरात रेघांची वही अशी कधी नव्हतीच. माझ्याच गठ्ठ्यातली एक वही यांनी न विचारता उचलली होती हे बघून मला आधी राग आला. माणूस जाऊन दोन महिने झाल्यावर त्याचा राग आला तर तो काढायचा कोणावर? मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. मग हात धुऊन परत आले आणि वही उघडली.

वहीत पक्षी होते. बंदर खात्यातली कारकुनी संपली तेव्हा सहकाऱ्यांनी यांना निरोपाला दुर्बीण दिली आणि त्या दिवसापासून हे भाट्याच्या खाडीवर जायला लागले. खाडीचं पाणी ओसरून चिखल उघडा पडला की त्यावर करड्या रंगाचे, लांब चोचींचे पक्षी उतरतात. पावसाळा सरताना दूरदेशाहून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जातात. एवढंच मला माहीत होतं, तेही यांच्या तोंडून अधूनमधून निसटलेल्या वाक्यांमुळे. हे तसे कमी बोलायचे. मी एकदा म्हटलं होतं, एखादं पुस्तक घ्या, म्हणजे नावं तरी कळतील. तर म्हणाले, नावं काय, मीच ठेवीन.

आणि खरंच ठेवली होती. वाकड्या लांब चोचीने चिखल उकरत हिंडणारा तो ‘तपासनीस’. तांबड्या पायांचा, माणूस दिसला की आरडाओरडा करणारा तो ‘लाल मोजे’. गळ्यात काळा पट्टा असलेला चिमुकला ‘चष्मेवाला’. पट्टा गळ्यात आणि नाव चष्मेवाला, हे माझ्या काही डोक्यात शिरलं नाही. प्रत्येकासमोर दोनचार शब्दांत वर्णन आणि तिथी. तारीख कुठेच नाही, नुसती तिथी. एकतीस पक्षी होते. सतराव्या पानावर हे होतं:

‘हिच्यासारखी. पाय आखूड. चोच वर. सारखी धावते. खाण्याआधी धुते. थव्यात असते, थव्यातली नाही.’

आता ‘ही’ म्हणजे कोण, यात शंकेला जागाच नव्हती. यांनी माझं नाव घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात, आणि मीही यांचं तेव्हाच. त्यानंतर चाळीस वर्षं मी ‘ही’ आणि ते ‘हे’. दुसरी कोणी ‘ही’ यांच्या आयुष्यात असती तर निदान तिचं नाव तरी घेतलं असतं.

पाय आखूड, हे खरं आहे. सारखी धावते, हेही खरं. धुण्याचं म्हणाल तर मी तांदूळ चार पाण्यांनी धुते, भाजी तीन, आणि बाजारातून आलेली नाणीसुद्धा धुऊन वाळत घालते. हे खाडीवरून आले की दारातून पाऊल आत पडायच्या आधी मी स्वयंपाकघरातूनच ओरडायची, “पाय!” एवढा एकच शब्द. मग हे मुकाट्याने मागे फिरायचे, अंगणातल्या नळाखाली पाय धुवायचे आणि ओल्या पावलांनी आत यायचे. नऊ वर्षं रोज.

पण ‘चोच वर’? नाक वर करून चालते असं शाळेत माझ्या पाठीमागे बोललं जायचं. मी मिरजेची. लग्न होऊन इथे आले त्याला चाळीस वर्षं झाली, तरी शेजारी मला अजून ‘घाटावरच्या बाई’ म्हणतात. मी कोणाच्या हळदीकुंकवाला गेले तरी खुर्चीच्या टोकावर बसायची आणि घड्याळाकडे बघायची. तेव्हा नाक वर म्हणणाऱ्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. पण ते घरातही कोणी मनात धरून होतं का? हे रोज खाडीवर जाऊन एका पाखराकडे बघून माझ्यावर हसत होते का? की ती माया होती? मला ते कळायला हवं होतं, आणि आता विचारायची सोय नव्हती. ते पाखरू बघितलं असतं तर कळलं असतं. त्यासाठी आधी ते कोणतं, हे सांगणारं पुस्तक हवं होतं.

वाचनालयात पक्ष्यांचं एकच पुस्तक निघालं, जुनं, जाडजूड, बाइंडिंग सुटलेलं. त्यात साऱ्या देशातले पक्षी होते, मोर, धनेश, घुबडं, आणि चिखलातल्या बिचाऱ्यांच्या वाट्याला सगळी मिळून तीन पानं. त्या तीन पानांत वर वळलेल्या चोचीचा एकच पक्षी होता. उंच, पांढराशुभ्र, अंगावर काळ्या पट्ट्या, निळसर लांबलचक पाय, आणि चोच अशी नाजूक वर गेलेली की बघत राहावं. मी ते चित्र बघितलं आणि मनातल्या मनात म्हटलं, हीच. काठापदराचं पातळ नेसलेल्या खानदानी बाईसारखी दिसत होती. वहीत ‘पाय आखूड’ लिहिलेलं मी सोयीस्करपणे विसरले. गणिताच्या पेपरात एखाद्या मुलाने दिलेली माहिती अशी गाळली असती तर मी त्याला शून्य दिलं असतं.

आश्विनात मी दुर्बीण गळ्यात घालून निघाले. सकाळी सातला, कारण माझं शाळेपासूनचं सगळं आयुष्य सकाळी सातला सुरू होतं. खाडीवर गेले तर पाणी काठोकाठ. चिखल नाही, पक्षी नाही. दूर एका खांबावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता, तेवढाच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी बांधावर बसून राहिले आणि मला रडू आलं. गेलेला माणूस चार दिवस शोधूनही कुठे भेटू नये तसं वाटलं. नऊ वर्षं इथे येऊन हे बघत तरी काय होते?

तेवढ्यात पलीकडून एक बाई आली, कमरेला टोपली, साडी वर खोचलेली. हिला मी ओळखत होते. आमच्या दारावर मासळी घेऊन यायची, आणि सुकतीला, म्हणजे पाणी ओसरल्यावर, इथे चिखलात तिसऱ्या, त्या खायच्या शिंपल्या, काढायची. मी तिच्याकडची मासळी घेताना दरवेळी ती परत धुवायला लावायची, त्यामुळे आमचं सख्य असं नव्हतं. पण माझे डोळे बघून ती थांबली. कशाला आलात, म्हणाली. मी सांगितलं, पक्षी बघायला, चार दिवस येतेय पण दिसत नाहीत. तिने माझ्याकडे असं बघितलं की पहिलीतल्या मुलाकडे मीसुद्धा तसं बघितलं नसेल.

“बाय, तुमी आल्या दिशी तिथ कंची व्हती?”

मी म्हटलं, पहिल्या दिवशी नवमी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बघून निघाले होते.

“मंग तिची पाऊनपट करा.”

नऊची पाऊणपट पावणेसात. ती म्हणाली, ती भरतीची वेळ. पुनवेपासून नाहीतर अवसेपासून तिथी मोजायची, पाऊणपट करायची, म्हणजे पाणी पूर्ण कधी भरणार ते कळतं, आणि तिथून सहा तासांनी सुकती. आणि पाणी रोज पाऊण तास पुढे सरकतं, मी मात्र रोज सातलाच. “भरल्या पान्यात पाकरां बसतील खंय? सुकतीला येवा. तुमचे मालक बरोबर येलेला यायचे.”

तेहतीस वर्षं पूर्णांक-अपूर्णांक शिकवणारी मी, आणि चाळीस वर्षं या गावात राहून हे एवढं साधं गणित मला ठाऊक नव्हतं. कपाळाला हात लावायची वेळ. हे कधी भर दुपारी पानावरून उठून निघायचे, कधी पहाटे उठून जायचे, तेव्हा मी म्हणायची, वेळेचं काही ताळतंत्र आहे का? ताळतंत्र होतं, माझ्यापेक्षा नेमकं होतं. मी ते कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी तिथीची पाऊणपट करून जायला लागले आणि पक्षी दिसायला लागले. शेकड्यांनी. पण उंच, पांढरी, खानदानी बाई काही दिसेना. बाकीचे सगळे एकजात करडे. लहान करडे, मोठे करडे, मध्यम करडे. ‘लाल मोजे’ तेवढे ओळखता आले, कारण मला बघताच ते इतके ओरडले की दहावीचा वर्गही तेवढा ओरडत नाही. ‘तपासनीस’ही कळला. पुढे सगळाच गोंधळ.

मुलगा पुण्याला असतो. दर रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो, गोळ्या विचारतो. त्याला मी पुस्तकाचं बोलले तर आधी म्हणाला, आई, फोनवर ॲप टाक, फोटो काढला की नाव सांगतं. टाकलं. मी फोटो काढला तो चिखलाचा, त्यात एक ठिपका. ॲपने मला जवळ जाऊन फोटो घ्यायला सांगितलं. गुडघाभर चिखलात, सहासष्टाव्या वर्षी, ठिपक्याच्या मागे. मग मुलाने ऑनलाइन एक पुस्तक पाठवून दिलं, सगळ्यात जास्त लोकांनी वाखाणलेलं. मोठं, गुळगुळीत कागदाचं, परदेशी. उघडलं आणि डोळे दिपले. कोणाची छाती विटकरी, कोणाचं पोट काळंभोर, कोणाच्या पाठीवर सोनेरी ठिपके. मी ते पुस्तक पिशवीत घालून अख्खी थंडी खाडीवर नेलं. पानावर विटकरी, चिखलात करडं. पानावर सोनेरी, चिखलात करडं. मला वाटलं माझे डोळे गेले. डोळे तपासूनही आले. चष्म्याचा नंबर तोच होता.

मुलाला सांगितलं असतं तर त्याने दुसरं मागवलं असतं. मी सांगितलं नाही. तो विचारायचा, पुस्तक कसं आहे, मी म्हणायची, छान आहे. आमचं बोलणं तेवढंच असायचं, आणि त्या तेवढ्यात तक्रार घालावीशी वाटली नाही. फोन ठेवला की घर इतकं शांत व्हायचं की फ्रिज सुरू झालेला कळायचा.

त्या थंडीत एक काम मात्र झालं. तिथ्या वाचता यायला लागल्यामुळे यांची वही मला नव्याने वाचता आली. अष्टमी दिसली की कळायचं, हे दुपारी बाराला चिखलावर होते, म्हणजे मी शाळेत मधल्या सुट्टीच्या घंटेची वाट बघत होते. पौर्णिमा असली की संध्याकाळी. ‘हिच्यासारखी’च्या पानावर खाली दरवर्षीची एकेक नोंद होती. ‘आश्विन व. ५. आली.’ पुढच्या वर्षी, ‘कार्तिक शु. ३. आली.’ अशी वर्षामागून वर्षं. आणि मधेच एक वेगळी नोंद: ‘पौष शु. ३. आज बांधापासून अगदी जवळ. हिला विचारलं होतं. पेपर.’

तो दिवस मला आठवला. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातला. रविवार होता, सकाळी आठच्या आसपास. मी जेवणाच्या टेबलावर दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर तपासत होते. हे दारात उभे राहिले, हातात दोन टोप्या. एक यांची आणि एक नवी, बायकांच्या मापाची. म्हणाले, “येतेस का? आज एक दाखवायचं आहे.” मी मानही वर केली नाही. “चिखलात जाऊन बघायचं काय?” म्हणाले मी.  मग यांनी ती नवी टोपी खिळ्याला अडकवली आणि गेले. टोपी तिथेच होती. मी तिच्यावर पिशव्या टांगायची.

हे वाचल्यावर मी पुष्कळ दिवस खाडीवर गेले नाही. पक्षी चैत्रात निघून गेले ते मला बघवलंच नाही.

मग पावसाळ्यात एकदा बाजारात एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता इथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. नववीत असताना भागाकार येत नाही म्हणून मी हिला वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि ती ते विसरली नव्हती, कारण पहिलं वाक्य तेच बोलली, पण हसून. मी तिला परदेशी पुस्तकाचं रडगाणं सांगितलं. ती रस्त्यातच, छत्री धरून, इतकं हसली की लोक बघायला लागले. म्हणाली, “बाई, ते लग्नातले कपडे आहेत. ते तिकडे ठेवून येतात. आपल्याकडे येतात ते नुसते पोटासाठी, साध्या कपड्यांत.”

विणीच्या दिवसांत, तिकडे थंड देशात, ही पाखरं रंगीत होतात. आपल्या किनाऱ्यावर येतात तोवर रंग उतरलेला असतो, म्हणून ज्या पुस्तकात थंडीतला पेहराव नीट काढलेला नाही ते आपल्या काही कामाचं नाही, असं तिने सांगितलं. फोटोंचंही नको म्हणाली, चित्रांचं हवं. फोटोत ऊन पडेल तसं पाखरू दिसतं, चित्रकार मात्र जे ओळखायला लागतं ते दाखवतो. सगळी पाखरं एकाच दिशेला तोंड करून, एकाच मापात काढलेली असली की शेजारी शेजारी ताडून बघता येतं. आणि पिशवीत मावायला हवं. असं एक पुस्तक आहे, नेमकं आपल्या किनाऱ्यांवरच्या या पक्ष्यांचं, पण छपाई संपली आहे. तिच्या कॉलेजातली प्रत कोणीतरी नेली ती परत आलीच नाही. मी तिचे आभार मानले आणि भागाकाराबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ दे हो बाई. मला ते वाक्य घरी येईपर्यंत पुरलं. कोणाशी एवढं बोलून बरेच दिवस झाले होते.

गावातल्या दुकानदाराला पुस्तकाचं नाव दिलं. त्याने दहावीच्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यामागून डोकं काढून सांगितलं, मिळणार नाही. मुंबईला फोन केला, नाही. गणपती झाले, पितृपक्ष लागला, खाडीवर पहिले करडे उतरल्याचं मासळीवालीने दारावर येऊन सांगितलं. आता ती मासळी आपणहून दोनदा धुऊन द्यायची. आणि एका दुपारी त्या विद्यार्थिनीचा फोन आला. राजापूरला वह्या-पुस्तकांचं एक दुकान आहे, तिथे एका शाळेसाठी बक्षिसाला म्हणून काही पुस्तकं आली होती, शाळेने इंग्रजी नको म्हणून परत केली, त्यांत ते असण्याची शक्यता आहे.

मी दुसऱ्याच दिवशी सकाळची एसटी धरली. राजापूरला पोचले तर दुकान बंद, मालक जेवायला गेलेले. दीड तास पायरीवर बसले. मालक आले, पंच्याहत्तरीचे असतील. पुस्तकाचं नाव ऐकल्यावर गल्ल्यापाशी जाऊन खालच्या खणातून त्यांनी ते काढलं. खाकी कव्हर घातलेलं, कोपरे मऊ पडलेले. विकायला ठेवलंच नव्हतं. कोणी घेणार नाही म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसताना तेच बघत बसायचे. इथे बसून इतकी वर्षं बघतोय, म्हणाले, एकही पाखरू प्रत्यक्षात बघितलेलं नाही. मग कोणासाठी हवं आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, आमच्या ह्यांची वही पुरी करायची आहे.  त्यांनी कव्हरवरची धूळ सदऱ्याने पुसली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. घाट येईपर्यंत पुस्तक मांडीवर तसंच मिटलेलं ठेवलं होतं. मग उघडलं. सगळी करडी पाखरं, एका दिशेला तोंड करून, एका मापात. चष्मेवाला दिसला आणि त्याच्या डोळ्याभोवती बारीक पिवळी कडा दिसली, तेव्हा यांचं नाव बरोबर होतं हे कळलं. एकामागून एक माणसं ओळखीची निघावीत तशी पानं उलटत गेले. आणि एका डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात ती होती. बुटकी. पिवळट आखूड पाय. साधा करडा रंग, काठ नाही, पदर नाही. चोच मात्र ठसक्यात वर. शेजारी बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की ही डोकं खाली घालून चिखलावर सारखी धावते, खेकडे पकडते, आणि पुष्कळदा पाण्याच्या कडेला नेऊन धुऊन खाते. नाव दूरदेशीच्या कुठल्याशा नदीवरून पडलेलं.

मी हसले. चांगली मोठ्याने हसले. शेजारची बाई दचकून सरकली. म्हणजे धुण्याचं यांनी माझ्यावरून रचलं नव्हतं, ती खरंच धुते. तरीही टिंगल की माया, ते काही पुस्तकात नव्हतं.

कार्तिक वद्य चतुर्थीला गेले. चारची पाऊणपट तीन, म्हणजे सुकती सकाळी नऊला. मी साडेआठला बांधावर होते. डोक्यावर ती टोपी होती. खिळ्यावरून काढली तेव्हा तिच्यावर पिशव्यांच्या बंदाचे वळ पडलेले होते, ते धुऊनही गेले नाहीत.

लहान करड्यांचा एक थवा चिखलावर होता, पन्नासएक असतील. त्यातले बहुतेक उभे. दोन पावलं धावायचे, थांबायचे, पुन्हा उभे. आणि त्यांच्या मधून एक धावत होती. डोकं खाली, चोच वर, कोणाच्या अध्यात ना मध्यात, घंटा व्हायला दोन मिनिटं उरल्यासारखी. मी दुर्बीण लावली. ती इतकी पळत होती की तिला भिंगात धरून ठेवताच येईना. शेवटी चप्पल बांधावर काढून चिखलात उतरले आणि तिथल्या एका मोडक्या खांबाला कोपर टेकवलं. तिने एक खेकडा पकडला. तोंडात धरून ती धावत पाण्यापर्यंत गेली, एवढं अंतर, आणि पाण्यात बुडवून हलवला, एकदा, दोनदा. मग खाल्ला. मग पुन्हा धावत परत.

मग कुठूनशी घार आली आणि थवा उठला. तीही उठली, त्यांच्याबरोबर वळली, त्यांच्याबरोबर उतरली. पण उतरल्यावर बाकीचे खांद्याला खांदा लावून बसले, आणि ती जराशी बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली. त्यांनी तिला हाकललं नव्हतं. तिने नाक मुरडलं नव्हतं. ती त्यांच्यातली नव्हती, एवढंच.

‘थव्यात असते, थव्यातली नाही.’ हे वाक्य मी शंभर वेळा वाचलं असेन आणि दर वेळी पाखराचं वर्णन म्हणून पुढे गेले असेन. या गावात माझं कोणी नाही, हे मला एकटीलाच माहीत आहे अशी माझी चाळीस वर्षं समजूत होती. मी ते कधी बोलले नाही. रडले नाही. मिरजेला पत्रातही लिहिलं नाही. हळदीकुंकवातून लवकर उठायची ती घाई आहे म्हणून, असंच सगळ्यांना सांगायची, यांनाही. आणि यांना ते दिसत होतं. खाडीवर येऊन नऊ थंड्या हे त्या एकटीकडे बघत बसले होते, आणि ती आली की वहीत लिहीत होते, आली. हेच यांना मला दाखवायचं होतं, त्या रविवारी.

मी वळून बाजूला बघितलं. सवयीने नाही, सवय तर कधी लागलीच नव्हती. नुसतंच बघितलं. बांधावर माझ्या चपला होत्या.

पाणी परत चढायला लागलं तशी मी निघाले. वहीत मी आता बाकीच्या तीस पक्ष्यांपुढे पेन्सिलीने पुस्तकातली नावं घातली आहेत. सतराव्या पानावर घातलेलं नाही.

घरी पोचले तेव्हा पाय घोट्याच्या वरपर्यंत काळे झाले होते. अंगणातल्या नळापाशी थांबले. मग तशीच पायऱ्या चढले, कुलूप काढलं आणि चिखलाच्या पायांनी आत गेले. ओटीवरून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरापर्यंत. तिथे जराशी उभी राहिले.

कोणी ओरडलं नाही.